डोंगल बरा आहे, लॅपटॉप नडतोय: घरच्या कॉम्प्युटरवर एसडीआर चालवायचा तर

मागच्या वर्षी एका संध्याकाळी सांगलीत विश्रामबागेत आमच्या गच्चीवर मी हातात अँटेना धरून उभा होतो. स्पेस स्टेशन डोक्यावरनं जाणार होतं, १४५.८०० मेगाहर्ट्झवर एसएसटीव्हीची (आवाजाच्या रूपात पाठवलेली) चित्रं यायची होती, सगळं जुळवून ठेवलेलं, सिग्नल आला, ती टुर्रटुर्र सुरू झाली, चित्राच्या वरच्या चार पट्ट्या उमटल्या आणि लॅपटॉपनं स्वतःच ठरवून टाकलं की आता अपडेट लावायचं. एक पास, म्हणजे स्टेशनची डोक्यावरनं एक फेरी, जेमतेम दहा मिनिटं. अपडेट पस्तीस टक्क्यांवर असताना स्टेशन क्षितिजाखाली गेलंसुद्धा. खालून बायकोचा आवाज, "अहो, झालं का तुमचं? उद्या मला तो लॅपटॉप जीएसटीला लागणार आहे, काय बिघडवून ठेवू नका."

चूक माझीच, अ‍ॅक्टिव्ह अवर्सचं (ह्या वेळात अपडेटसाठी रीस्टार्ट होऊ नको असं सांगायचं) सेटिंग मी कधी बघितलंच नव्हतं. पण त्या दिवशी एक कळलं, एसडीआरच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या सॉफ्टवेअर रेडिओच्या, ह्या छंदात रेडिओचा ताप फार नाही, खरा ताप घरच्या कॉम्प्युटरचा. तो बनवलाय बिल करायला, सिनेमा बघायला, पोरांच्या अभ्यासाला, आणि आपण त्याला सांगतोय की एक सेकंदसुद्धा न चुकता रेडिओचा डेटा गिळत बस. ज्यांनी हौसेनं त्यासाठीचा यूएसबी डोंगल मागवला आणि आठवड्यात ड्रॉवरात टाकला त्यांच्यासाठी लिहितोय, मी ज्या क्रमानं आपटलो त्याच क्रमानं.

आधी हा डोंगल काय आहे ते दोन ओळीत. मुळात ही परदेशातल्या डिजिटल टीव्हीसाठी बनवलेली स्वस्तातली वस्तू, आत रिअलटेकची आरटीएल२८३२यू चिप. २०१२ मध्ये काही हौशी लोकांच्या लक्षात आलं की ही चिप टीव्हीचं चित्र न करता नुसते कच्चे सॅम्पल, म्हणजे सिग्नलचे मोजलेले आकडे, सुद्धा बाहेर देते, आणि तिथनं स्वस्तातला सॉफ्टवेअर रेडिओ जन्माला आला. आर८२०टी२ ट्यूनरवाला असेल तर साधारण २४ ते १७६६ मेगाहर्ट्झ ऐकू येतंय. रेडिओत जे काम कॉइल, फिल्टर, डिटेक्टर करायचे ते आता तुमचा प्रोसेसर करणार, म्हणून प्रोसेसर आणि त्याच्या आजूबाजूचं सगळं रेडिओचाच भाग झालं, अगदी चार्जरसकट.

पहिली ठेच ड्रायव्हरची. विंडोजला डोंगल लावला की ते प्रामाणिकपणे टीव्हीचा ड्रायव्हर टाकतंय, कारण वस्तू टीव्हीचीच आहे. तो काढून विनयूएसबी नावाचा ड्रायव्हर बसवायचा, त्यासाठी झॅडिग नावाचा फुकटचा प्रोग्राम मिळतो. उघडायचा, ऑप्शन्समध्ये लिस्ट ऑल डिव्हायसेसवर टिक करायची, यादीत बल्क-इन इंटरफेस झिरो असं दिसेल ते निवडायचं (झिरोच, वन नाही), उजव्या चौकटीत विनयूएसबी आहे ना बघायचं आणि मग रिप्लेस ड्रायव्हर. यादीत तुमचा माउस, कीबोर्ड, कॅमेरा सगळंच असतंय, त्यामुळं नाव दोनदा वाचा. मी घाईत माउस निवडला होता. बाण जागच्या जागी गोठला, मग कीबोर्डवरनं टॅब मारत मारत डिव्हाइस मॅनेजरात जाऊन तो ड्रायव्हर काढेपर्यंत पाऊण तास गेला, आणि पोरगा शेजारी बसून हसतोय. डोंगल दुसऱ्या पोर्टात लावला तर कधी कधी झॅडिगचा सगळा सोपस्कार परत करावा लागतो, म्हणून एक पोर्ट ठरवा आणि त्याला नेलपॉलिशचा ठिपका लावा.

डोंगलचं व्ही४ मॉडेल घेतलं असेल तर जुनी ड्रायव्हर फाइल चालत नाही, प्रोग्राम सुरू होतो, वॉटरफॉल (सिग्नल दाखवणारं पडद्यावरचं सरकतं चित्र) पळतोय, पण रेडिओ बहिरा. लोक अँटेना बदलत बसतात, बदलायची असते नवीन ड्रायव्हर फाइल. लिनक्सवाल्यांचं उलटं, तिथं कर्नल स्वतःच टीव्ही समजून डोंगल बळकावतंय आणि आपला प्रोग्राम यूएसबी क्लेम इंटरफेस एरर वजा सहा म्हणून रडतोय. त्यावर टीव्हीचं ते मॉड्यूल ब्लॅकलिस्ट करायचं आणि रीबूट, झालं.

आता यूएसबी. इथं जरा हिशेब करू, कारण निम्मी दुखणी ह्या हिशेबात आहेत. डोंगल २.४ मेगासॅम्पलवर चालवला तर सेकंदाला २४ लाख सॅम्पल, एका सॅम्पलला दोन बाइट, म्हणजे सेकंदाला ४८ लाख बाइट, न थांबता. मेगाबिटमध्ये ३८.४. यूएसबी २.० ची कागदावरची ताकद ४८० मेगाबिट, म्हणजे वाटतंय लय जागा आहे. पण पेनड्राइव्हवर सिनेमा कॉपी करताना मध्येच अर्धा सेकंद थांबलं तर कुणाला कळत नाही, इथं तेवढ्यात बारा लाख सॅम्पल गेले आणि आवाजात टक्क. म्हणून हबवर माउस, प्रिंटर, पेनड्राइव्ह ह्यांच्या गर्दीत डोंगल बसवू नका, सरळ लॅपटॉपच्या पोर्टात द्या.

डोंगलच्या टूल्सबरोबर आरटीएल-टेस्ट नावाचा छोटा प्रोग्राम येतो, तो पाच मिनिटं नुसता चालवून ठेवा. लॉस्ट अ‍ॅट लीस्ट इतके बाइट असं सुरुवातीला एकदा आलं तर सोडून द्या, पण सारखं यायला लागलं तर गळती आहे. मग रेट कमी करून बघा, २.०४८, नाहीतर १.०२४. मेनूत ३.२ पण दिसतंय, त्याच्या नादाला लागू नका, त्या स्पीडला डोंगल सॅम्पल सांडतोच, कॉम्प्युटर कितीही भारी असला तरी. तुम्हाला एका हॅमचं (लायसन्सवाल्या हौशी रेडिओवाल्याचं) बोलणं ऐकायचंय, त्याला तीन किलोहर्ट्झ पुरतात, सगळं आभाळ एकदम बघायची हाव कशाला.

रेट कमी करूनसुद्धा दर वीस-पंचवीस मिनिटांनी रेडिओ गप्प होत असेल तर पॉवर सेव्हिंग बघा. पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड बंद, आणि डिव्हाइस मॅनेजरात प्रत्येक यूएसबी रूट हबच्या पॉवर मॅनेजमेंटमधली ती टिक काढायची. मोठं अपडेट आलं की ही सेटिंगं पूर्ववत होऊ शकतात, माझी एकदा झाली होती, तेव्हापासून मी वहीत लिहून ठेवलंय काय काय बदललंय ते. आणि आवाज बारीक बारीक तुटत असेल तर लेटन्सीमॉन चालवा, कुठला ड्रायव्हर प्रोसेसर अडवून बसतोय ते तो नावानिशी सांगतो. माझ्याकडं वायफायचा निघाला. वायफाय बंद केलं, टकटक बंद.

इथपर्यंत सगळं कॉम्प्युटरच्या आतलं. पण माझे खरे सहा महिने गेले ते नॉइजमध्ये.

हॅम लोकांच्या ४० मीटर बँडवर, म्हणजे आपल्याकडं ७.००० ते ७.२०० मेगाहर्ट्झ, मला नुसती खरखर. २४ मेगाहर्ट्झच्या खालचं ऐकायला ट्यूनर वगळणाऱ्या डायरेक्ट सॅम्पलिंग मोडमुळं असेल म्हणून मी डोंगलला शिव्या घातल्या, मग अँटेनाला, मग सांगलीच्या हवेला. साताऱ्याचे एक जुने हॅम काका आहेत, ते म्हणाले, "तू एक दिवस सगळं उचलून इकडं ये." गेलो. यवतेश्वरच्या घाटावर कासच्या रस्त्याला गाडी लावली, तोच लॅपटॉप, तोच डोंगल, दहा मीटर वायर झाडावर फेकली, आणि वॉटरफॉल इतका काळाभोर की मला वाटलं अँटेना जोडायचीच राहिली. मग एकेक आवाज वर यायला लागला, कुणीतरी दक्षिणेकडचा, कुणी गुजरातचा. काका शांतपणे कंदी पेढा खात म्हणाले, "डोंगल बदलू नको. घर तपास."

घर तपासायची आमची सांगली पद्धत अशी. लाइट जायची वाट बघायची. खरंच सांगतोय, ह्याच्यापेक्षा चांगलं आणि फुकटचं टेस्टिंग नाही. लाइट गेली रे गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू ठेवायचा, इन्व्हर्टर मेनला बंद करायचा (तो विसरू नका, तो स्वतःच एक मोठा नॉइजचा कारखाना असतोय) आणि वॉटरफॉल बघायचा. सगळी गल्ली अंधारात असताना खरखर गेली तर गुन्हेगार विजेवर चालणारा आहे, घरातला नाहीतर शेजारचा. तरीही राहिली तर तो तुमच्या मांडीवरच बसलाय. लाइट परत आली की एमसीबी एकेक करून चढवायचे आणि प्रत्येक वेळी बघायचं कुठल्या खोलीबरोबर पट्टे येतात. माझ्याकडं निघालेली यादी: लॅपटॉपचा स्वतःचा चार्जर, देवघरातला एलईडी, आणि पोराच्या मोबाइलचा रस्त्यावरनं घेतलेला चार्जर, हा तर एकटा अर्धा बँड खात होता.

लॅपटॉपचा चार्जर दोन पिनी असेल आणि पत्र्याच्या बॉडीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर समजा की तीच गळती कोॲक्सच्या (अँटेनाच्या वायरीच्या) शील्डवरनं तुमच्या अँटेनापर्यंत फिरतीय. तीन पिनी चार्जर घ्या आणि भिंतीतलं अर्थिंग खरंच जमिनीपर्यंत गेलंय का ते वायरमनकडून बघून घ्या, जुन्या घरात तिसरी पिन नुसती शोभेला असते. तोवर ऐकताना बॅटरीवर ऐका.

बाहेरचा मॉनिटर लावला असेल तर त्याची एचडीएमआय वायर काढून बघा. फुल एचडी ६० हर्ट्झचा पिक्सेल क्लॉक (चित्राचे ठिपके पाठवायचा वेग) १४८.५ मेगाहर्ट्झ, आणि आपला दोन मीटरचा बँड १४४ ते १४६, म्हणजे अगदी दाराशी. आणखी एक गंमत, बरोबर १४४.००० वर एक सरळ उभी रेघ दिसली तर तिचा शोध घेत गावभर फिरू नका, डोंगलच्या आतला क्रिस्टल २८.८ मेगाहर्ट्झचा आहे, त्याला पाचनं गुणा. मी दोन रात्री त्या रेघेमागं होतो.

यूएसबी ३.० च्या निळ्या पोर्टातनं आणि वायरीतनंसुद्धा रेडिओ नॉइज सुटतो, म्हणून जुना काळा २.० चा पोर्ट असेल तर तोच वापरा, आणि डोंगल थेट लॅपटॉपला न चिकटवता दोन-तीन मीटरच्या चांगल्या एक्स्टेन्शननं लांब न्या. वायरीवर फेराइट, म्हणजे नॉइज अडवणारं काळं कडं. इथं लोक फसतात, वायरीवर एक क्लिप टक्कन बसवली की काम झालं असं नाही, ७ मेगाहर्ट्झला एका वेढ्यानं काही होत नाही, मिक्स ३१ ह्या प्रकारच्या फेराइटचं मोठं कडं घेऊन त्यात आठ-दहा वेढे मारावे लागतात.

एवढं करून दिवसा नॉइज आणि सूर्य मावळला की शांतता, असं असेल तर कुणाच्या तरी गच्चीवर सोलर आहे. आमच्या शेजारच्या काकांकडं गेलो, म्हटलं, "काका, तुमच्या सोलरच्या वायरला हे काळं कडं बाहेरनं अडकवू का?" ते म्हणाले, "अडकव की, पण बिल वाढंल का रं त्यानं?" नाही वाढलं. नॉइज गेला नाही पूर्ण, कमी झाला. सोलरच्या डीसी वायरीत जीव जाईल इतकं व्होल्टेज असतंय, त्यामुळं काही उघडायचं नाही, बाहेरनं क्लिप लावायची एवढंच. बाकी मी आता ४० मीटर संध्याकाळीच लावतो.

गेनचं, म्हणजे सिग्नल किती वाढवायचा त्याचं, थोडक्यात. ऑटो गेन बंद करा. शून्यापासून हळूहळू वाढवा, सिग्नल वर येईपर्यंत वाढवा, आणि नुसती खालची जमीन, म्हणजे नॉइजची पातळी, वर यायला लागली की एक पाऊल मागं. डोंगल आठ बिटचा, म्हणजे मोठ्यात मोठा आणि लहानात लहान आवाज ह्यात जेमतेम ५० डेसिबलचं अंतर. सांगलीत डायरेक्ट सॅम्पलिंगवर आकाशवाणीचं १२५१ किलोहर्ट्झ एकदम छातीवर बसतंय आणि ७ मेगाहर्ट्झवर त्याची भुतं दिसायला लागतात, ह्यात आकाशवाणीचा काही दोष नाही, दोष आठ बिटचा. मिडीयम वेव्ह अडवणारा हाय-पास फिल्टर मध्ये लावा, आणि व्हीएचएफवर असाल तर ८८ ते १०८ मेगाहर्ट्झचं एफएम अडवणारा नॉच फिल्टर. डायरेक्ट सॅम्पलिंगला १४.४ मेगाहर्ट्झ ही हद्द, त्याच्या वरचं सगळं आरशासारखं उलटं खाली येतंय.

फ्रिक्वेन्सी सरकलेली वाटली तर पीपीएम (दहा लाखात किती चूक तो आकडा) बघा. साधा डोंगल ५० पीपीएम चुकीचा असू शकतो, १४५.८ वर तो फरक सात किलोहर्ट्झच्या वर जातो, म्हणजे तुम्ही शेजारच्याच घराची बेल वाजवताय. टीसीएक्सओवाला, म्हणजे तापमानानं फारसा न सरकणाऱ्या क्रिस्टलचा, घेतला तर हा प्रश्न जवळजवळ संपतोय. जुना असेल तर आधी वीस मिनिटं तापू द्या, मगच आकडा भरा.

आता एफटी८, म्हणजे हॅम लोकांची छोटे मेसेज पाठवायची डिजिटल पद्धत, कारण बहुतेक सगळे शेवटी तिथंच येतात. ऐकायला ७.०७४ किंवा १४.०७४, अप्पर साइडबँड. एसडीआरच्या प्रोग्राममधला आवाज डब्ल्यूएसजेटी-एक्स ह्या एफटी८ डीकोड करणाऱ्या प्रोग्रामकडं न्यायला व्हर्च्युअल ऑडिओ केबल लागते, म्हणजे खोटं साउंड कार्ड, आणि ह्या खोट्या वायरीनं जेवढा छळ केलाय तेवढा खऱ्या वायरीनं कधी केला नाही. दोन्ही टोकांना ४८००० हर्ट्झच पाहिजे, साउंड सेटिंगमध्ये जाऊन प्लेबॅक आणि रेकॉर्डिंग दोन्हीकडं बघा, एका बाजूला ४४१०० राहिलं तर आवाज येतोय, पट्टे दिसतात, पण डीकोड तुरळक. ऑडिओ एन्हान्समेंट सगळ्या बंद, त्या माणसाच्या आवाजासाठी आहेत, रेडिओचा आवाज त्यांना कचरा वाटतो आणि त्या तो साफ करून टाकतात. आणि प्रायव्हसीमध्ये मायक्रोफोनची परवानगी चालू पाहिजे, कारण विंडोजच्या दृष्टीनं ही केबल म्हणजे माइकच. ही एक टिक मला सापडायला रविवार अख्खा गेला. लेव्हल नुसत्या नॉइजवर ३० डेसिबलच्या आसपास ठेवा.

सगळं बरोबर, पट्टे झकास, तरी एकही नाव येत नाही? घड्याळ बघा. एफटी८ चे डाव पंधरा-पंधरा सेकंदांचे, ००, १५, ३०, ४५ ला सुरू, त्यात बोलणं १२.६४ सेकंद. लॅपटॉपचं घड्याळ दोन-तीन सेकंद मागंपुढं झालं की सगळे तुमच्या अंगणातनं जातात आणि तुम्हाला दिसत नाहीत. डीटीच्या (वेळेच्या फरकाच्या) कॉलममध्ये सगळ्यांसमोर १.२, १.३ असं येत असेल तर सगळं जग चुकलेलं नसतंय, तुम्ही चुकलाय. एनटीपीचा, म्हणजे इंटरनेटवरनं घड्याळ जुळवणारा, एखादा प्रोग्राम टाकून ठेवा, तो बॅकग्राउंडला जुळवत बसतो.

वॉटरफॉल अडखळत असेल तर एफएफटीचा (चित्राच्या बारकाईचा) आकडा आणि फ्रेम रेट उतरवा, जुन्या आय३ ला सेकंदाला साठ चित्रं काढायला लावण्यात काही अर्थ नाही, पंधरा भरपूर झाली. आणि आयक्यू रेकॉर्डिंगचं (कच्चे सॅम्पल साठवायचं) बटण दाबून जेवायला जाऊ नका, २.४ ला सोळा बिटमध्ये तासाला साधारण ३५ जीबी होतात. मी गेलो होतो. बायकोची टॅलीची बॅकअप त्या रात्री झाली नाही, पुढचं सांगत नाही.

इथपर्यंत फक्त ऐकायचं झालं. बोलायचं असेल तर लायसन्स आधी, दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसीची (वायरलेस लायसन्स देणाऱ्या शाखेची) परीक्षा देऊन, मग व्हीयू३ किंवा व्हीयू२ नं सुरू होणारी कॉल साइन, म्हणजे हवेतलं तुमचं नाव. तोपर्यंत ट्रान्समिट होऊ शकणारा कुठलाही एसडीआर असला तरी त्याचं ते बटण नाही दाबायचं. लायसन्स आल्यावर नवीन दुखणी येतात: रिगच्या (बोलायच्या रेडिओ सेटच्या) केबलमधली प्रोलिफिकची जुनी चिप विंडोज ११ वर फेज्ड आउट म्हणून हात वर करते, कॉम पोर्टचा नंबर तीनचा सात होतो, आणि पीटीटी (बोलायचं बटण) दाबलं की माउस उडून यूएसबी सुटते कारण तुमचंच आरएफ (सोडलेला रेडिओ सिग्नल) वायरीतनं आत येतंय, त्यावर परत तेच फेराइटचे वेढे. आणि विंडोजचे सगळे सिस्टिम साउंड बंद करून टाका, नाहीतर मेल आल्याची टुंग अख्ख्या देशाला ऐकू जाते.

मी शेवटी काय केलं ते सांगतो, कारण वरचं सगळं करूनसुद्धा लॅपटॉप घराचाच राहतोय. गच्चीवर टाकीच्या सावलीत एका पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यात रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर ठेवला, त्याला डोंगल, खाली लॅन केबल. पायवर आरटीएल-टीसीपी (डोंगलचा डेटा नेटवर्कवरनं पाठवणारा प्रोग्राम) चालतो, पोर्ट १२३४, खालच्या कॉम्प्युटरवर एसडीआर प्लस प्लस ह्या प्रोग्राममध्ये त्याचा पत्ता टाकला की झालं. सुरू करताना ऐकायचा पत्ता ०.०.०.० द्या, नाहीतर तो फक्त स्वतःशीच बोलतो. वायफायवर नेऊ नका, तो मघाचा ३८ मेगाबिटचा धबधबा गच्चीवरच्या वायफायला झेपत नाही, नाइलाज असेल तर १.०२४ वर चालवा. पाय ४ ला ५ व्होल्ट ३ अँपिअरचा धड अ‍ॅडॉप्टर द्या, मोबाइलच्या चार्जरवर व्होल्टेज पडतंय आणि नॉइज परत घरात. डब्याला खालनं भोकं पाडा, एप्रिलमध्ये आपल्याकडं पारा चाळीसला जातोय आणि डोंगल आधीच भट्टी, वरच्या फ्रिक्वेन्सीला त्याचं लॉक सुटतंय. भोकांना जाळी लावा, माझ्या डब्यात पहिल्याच आठवड्यात कुंभारमाशीनं घर बांधलं होतं.

आणि वळवाचा काळ असेल तर ढग दिसायला लागले की अँटेनाची वायर आणि लॅन केबल दोन्ही काढून ठेवायची, वीज चमकायची वाट बघायची नाही. मी आता बायकोलाच सांगून ठेवलंय, मी ऑफिसात असलो तर वाळत घातलेले कपडे काढताना त्या दोन वायरी पण उपट. ती उपटते. पापड आधी आत नेते, मग वायरी.